चौतिसावा आठवडा

फिनलंडला जायचं ठरलं तेव्हा नोकियाच्या फोनपलीकडे त्या देशाबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. आमची फौंड्री कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत आहे आणि तिथे मी क्वालिटीचं काम बघते. कास्टिंगमध्ये कुठे पोकळी राहिली, कुठे तडा गेला, कुठलं माप हुकलं ते शोधायचं आणि मोल्डिंगवाल्यांशी वाद घालायचा, असा माझा दिवस जातो. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणं हे मार्केटिंगचं खातं. पण टाम्पेरे शहरातल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने आमच्याकडून पंपाच्या बॉडीचे नमुने मागवले, त्यांवर प्रश्नांची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, की हे नमुने ज्यांनी तपासले त्यांनाच भेटायचं आहे. मालक म्हणाले, "मग आता तुम्हीच जायला पायजे की." जून महिना होता. मी बॅगेत स्वेटर भरले, वर गुळाच्या वड्यांचे डबे ठेवले आणि निघाले.

हेलसिंकीच्या विमानतळावरून लोकलने तिक्कुरिला स्टेशनला यायचं आणि तिथे टाम्पेरेची गाडी पकडायची, असं मला कागदावर लिहून दिलं होतं. उतरले तर पाटीवर तिक्कुरिला आणि त्याच्याच खाली डिकुर्सबी. मला वाटलं, दोन वेगळी स्टेशनं असावीत आणि मी भलत्याच ठिकाणी उतरले. फलाटावरची माणसं एकमेकांपासून चांगली दोन-दोन हात अंतर ठेवून उभी होती. त्यांतल्या एका गृहस्थांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी नीट समजावलं: देशाच्या राजभाषा दोन, फिनिश आणि स्वीडिश, म्हणून या भागात गावांची नावंही दोन लिहितात. माझी गाडी कुठल्या फलाटावर, डबा साधारण कुठे लागेल, तेही त्यांनी फोनवर बघून सांगितलं. आता ओळख झाली असं समजून मी विचारलं, तुम्ही कुठले, काय करता? त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं, मान हलवली आणि ते पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले. मला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की मला हवी होती ती सगळी माहिती त्यांनी दिली होती, उलट जरा जास्तच दिली होती.

टाम्पेरे दोन मोठ्या तलावांच्या मधोमध वसलंय. वरचा नॅसियार्वी, खालचा प्युहायार्वी, आणि दोन्हींच्या पातळीत १८ मीटरचा फरक. ते पाणी तामरकोस्की नावाच्या प्रवाहातून भर शहरातून खाली धावतं. याच पाण्याच्या जोरावर इथे कारखाने उभे राहिले. जेम्स फिनलेसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८२० मध्ये इथे कारखाना काढला, पुढे त्याची प्रचंड कापडगिरणी झाली, आणि तिच्या विणकाम विभागात १८८२ मध्येच विजेचे दिवे लागले. लाल विटांच्या त्या इमारती अजून उभ्या आहेत. रात्री दहा वाजता मी त्यांच्यासमोर उभी होते आणि ऊन होतं. भट्टीच्या धगीत वाढलेल्या माणसाला असं गाव लगेच आपलं वाटतं. त्याच फेरीत रस्त्यावरच्या पाटीवर "नोकिया" असं नाव आणि बाण दिसला. नोकिया हे शेजारचं गाव आहे. कंपनी १८६५ मध्ये इथेच, टाम्पेरेत, कागदाचा लगदा बनवायला निघाली आणि नाव त्या गावावरून आलं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

बैठक सकाळी नऊला होती. दारातच सगळ्यांनी एकेक करून हात मिळवला: घट्ट, थोडका वेळ, डोळ्यांत बघून. प्रत्येकाने आपलं पहिलं नाव सांगितलं आणि विषय संपला. कोण मोठं, कोण धाकटं हे मला कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडे कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय आणि चहा आधी कुणापुढे ठेवला जातोय यावरून अंदाज येतो. इथे चहा-कॉफी आणून देणारं कुणी नव्हतं. कोपऱ्यात कॉफीचं भांडं, शेजारी कप, ज्याने त्याने ओतून घ्यायची. माझ्यासाठी कप शोधून देणाऱ्या बाईंना मी कार्यालयातल्या मदतनीस समजले. त्या खरेदीविभागाच्या प्रमुख निघाल्या, ज्यांच्या सहीसाठी आम्ही वर्षभर पत्रव्यवहार करत होतो. बैठक संपल्यावर त्यांनीच आपला कप उचलून भांडी धुण्याच्या यंत्रात ठेवला. मग मीही माझा ठेवला.

मी आमच्या तपासणीचे तक्ते पडद्यावर दाखवायला लागले. एक पान झालं, कुणी काही बोललं नाही. दुसरं झालं, तरी शांतता. मान हलत नाही, "हं" नाही, चेहऱ्यावर काही नाही. आमच्या बैठकीत एव्हाना तिघांनी मध्ये तोंड घातलं असतं आणि चौथ्याने फोन उचलला असता. मला वाटलं, काम गेलं. ती शांतता भरून काढायला मी बोलतच सुटले. आमची भट्टी किती टनांची, आमच्याकडे किती माणसं, आम्ही आणखी कुणाकुणाला माल देतो. शेवटी प्रमुख बाई अगदी मऊपणे म्हणाल्या, "जरा थांबाल? मी अजून तुमच्या तिसऱ्या तक्त्यातल्या आकड्यावर विचार करतेय." खोलीतला प्रत्येक जण तोच आकडा बघत होता. मी पुढच्या पाच गोष्टी सांगितल्या होत्या त्या कुणाच्याच कानात शिरल्या नव्हत्या.

त्यानंतर मी गप्प राहायला शिकायचं ठरवलं आणि ते फार अवघड गेलं. मधूनच एक जण जोरात श्वास आत ओढल्यासारखा आवाज काढी. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या तक्त्यात काहीतरी भयंकर दिसलं. दुसऱ्यांदा मी घाबरून विचारलंच, काही चुकलंय का? त्यांना माझा प्रश्नच कळेना. तो त्यांचा "हो" होता. "यो" हा होकार तिथली माणसं कधी कधी श्वास आत घेता घेता म्हणतात. म्हणजे मघापासून माझं म्हणणं पटत होतं आणि मी मात्र घामाघूम होत होते.

कॉफीच्या सुट्टीला फार मान आहे. कामगार-करारांतच ती लिहिलेली असते, आणि माणशी कॉफी पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या नंबरांत आहे. कॉफी फिकी भाजलेली, साखर नसली तरी चालेल अशी. सोबत पुल्ला नावाचा गोड पाव, आणि त्यात भरपूर वेलदोडा! इतक्या उत्तरेला बेकरीच्या पावातून वेलदोड्याचा वास यावा, याने मला फार बरं वाटलं. मी गुळाचे डबे उघडून सगळ्यांसाठी टेबलावर ठेवले. बदल्यात एकाने काळ्या गोळ्यांची डबी पुढे केली. सलमिआक्की. तोंडात टाकली तर खारट, तुरट, नाकात झिणझिण्या. थुंकणार कुठे? पण ती चव ओळखीची होती. डबीवरचा मजकूर वाचून दाखवायला सांगितलं, तर त्यात ज्येष्ठमध आणि अमोनियम क्लोराइड. म्हणजे आपला नवसागर! लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात कथील टेकवून नवसागराची चिमूट टाकायचा, कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचा आणि पांढऱ्या धुराचा भपका घशात जायचा. हे मी सांगायला लागले आणि ती सगळी अबोल माणसं एकदम पुढे सरकली. तापमान किती ठेवतात? कथील किती शुद्ध लागतं? तांब्याला आणि पितळेला एकच पद्धत का? हवापाण्याच्या गप्पा त्यांना सुचत नव्हत्या, पण कथील पातेल्याला चिकटतं कसं, यावर सुट्टी संपेपर्यंत बोलणं चाललं.

जेवण अकरा वाजता. गुरुवार होता, आणि गुरुवारी तिथे वाटाण्याचं घट्ट सूप आणि नंतर जॅम घातलेला जाड पॅनकेक, हे ठरलेलंच. शाळेत तेच, लष्करात तेच. जुन्या काळी शुक्रवारचा उपास असायचा म्हणून आदल्या दिवशी भरपेट जेवायची पद्धत पडली, असं सांगतात. सूपमध्ये डुकराचं मांस असतं आणि मी ते खात नाही. पदार्थांच्या पाट्यांवर मात्र एल, एम, जी अशी अक्षरं. मी ट्रे घेऊन त्यांपुढे उभीच राहिले. मागच्याने उलगडून सांगितलं: एल म्हणजे लॅक्टोज नसलेलं, एम म्हणजे दूधच नाही, जी म्हणजे ग्लुटेन नाही, आणि शाकाहारी सूपचं भांडं पलीकडे. मोठी माणसं जेवताना दुधाचा पेला घेऊन बसली होती. दुसऱ्या जगमधला पांढरा द्रव मी ओतून घेतला, तो निघाला पीमा, म्हणजे जवळजवळ ताकच. मीठ-जिरं नव्हतं एवढंच. जेवून उठताना ट्रे टेबलावरच राहिला, तेव्हा शेजारचे वयस्क इंजिनियर आपल्या ट्रेबरोबर माझाही उचलायला लागले. मी धावत जाऊन तो घेतला.

दुपारी मुद्द्याचं बोलणं निघालं. बॉडीच्या एका जाड भागात बारीक छिद्रं होती, पोरॉसिटी. ती जावी म्हणून रायझर बदलायचा, म्हणजे साच्यात वरून जादा धातू पुरवणारं डोकं मोठं करायचं, आणि नवे नमुने पाठवायचे. कधी? मी म्हटलं, "लवकरच. पुढच्या महिन्यात." बाईंनी विचारलं, "बत्तिसावा आठवडा चालेल?" वर्षातले आठवडे असे मोजतात याची मला कल्पनाच नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरात डाव्या कडेला ते आकडे छापलेले होते आणि सगळे त्याच आकड्यांत बोलत होते. विचारायची लाज वाटली. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "हो हो, नो प्रॉब्लेम." चारही माणसांनी ते लिहून घेतलं. हॉटेलात परत येऊन १ जानेवारीपासून बोटांवर मोजत बसले, तेव्हा उमगलं की बत्तिसावा आठवडा म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा. जुलैचं नाव त्यांनी का काढलं नाही, तेही हॉटेलच्या काउंटरवर कळलं. २० ते २६ जूनच्या मधल्या शनिवारी युहान्नुस हा मध्य-उन्हाळ्याचा सण येतो, शहरं ओस पडतात, माणसं तलावाकाठच्या लाकडी घरांत जातात, आणि बहुतेकांची मोठी रजा जुलैतच असते. तिथे काम काढून जाणाऱ्याने हे आधी बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरोलीला फोन लावला. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, सगळे कामावर आले होते. पॅटर्नवाले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, पाऊस बघा की. जुलैत कोअर वाळायचं न्हाईत नीट. वल पकडली की पुन्यांदा भोकंच. ऑगस्टात बघू." त्यांचं खरं होतं. साच्यात आतली पोकळी राखणारे वाळूचे कोअर पावसाळ्यात दमट होतात, ओतताना त्या ओलाव्याची वाफ होते आणि धातूत पोकळ्या राहतात. हे मला काल माहीत नव्हतं का? होतं. पण "होऊन जाईल" म्हणायची जिभेला सवय झालेली. आमच्याकडे समोरचाही ते ऐकून दहा-पंधरा दिवस मनातल्या मनात जोडून घेतो. इथे कुणी काही जोडलं नव्हतं. बोलले तसं त्यांनी वहीत उतरवलं होतं.

त्या संध्याकाळी तलावाकाठी कंपनीतर्फे सौना होता. आमंत्रण आलं तेव्हा माझी पहिली काळजी कपड्यांची. सौनात कपडे घालत नाहीत, एवढं ऐकून होते. प्रमुख बाईंना धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, आधी बायका, मग पुरुष, वेगवेगळे. टॉवेल गुंडाळून बसलात तरी हरकत नाही, न येता बाहेर बसलात तरी हरकत नाही. मी टॉवेल गुंडाळला. कुणी बघितलंही नाही. आधी अंघोळ करायची, मग बसायला छोटं फडकं घेऊन आत जायचं. आत अंधारी लाकडी खोली, पायऱ्यांसारखी बाकं, कोपऱ्यात दगडांनी भरलेली शेगडी: कियुआस. भिंतीवर तापमापक, काटा ८० अंशांवर. भट्टीजवळ उभं राहायची सवय असल्याने मी थेट वरच्या बाकावर चढले. एका बाईने लाकडी डावाने दगडांवर पाणी टाकलं. नुसता चर्र आवाज झाला, मला वाटलं एवढंच? मग छताला लागून वाफ वळली आणि माझ्या कानांच्या पाळ्यांवर, मानेवर, खांद्यांवर उतरली. कोरड्या धगीशी माझी ओळख होती, या ओल्या धगीशी नव्हती. मी खालच्या बाकावर आले. तिथे श्वास घेता आला. कोवळ्या बर्चच्या डहाळ्यांची जुडी, विहता, त्यांनी मला दिली आणि पाठीवर, पायांवर हलके आपटायची कशी ते दाखवलं. खोलीभर हिरव्या पानांचा वास सुटला. मग सगळ्या जणी उठून लाकडी धक्क्यावरून तलावात उतरल्या. मी गुडघ्यापर्यंत गेले, पाण्याने पोटऱ्यांत कळ आली, आणि परत फिरले.

सौनाबद्दल ती माणसं भरभरून बोलतात. साधारण ५६ लाखांच्या या देशात सौना तीसेक लाख असावेत, म्हणजे घरटी एकाहून जास्त. संसदेच्या इमारतीतही आहे. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडची सौना-परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. टाम्पेरेच्या पिस्पाला भागातला रायापोर्त्ती हा १९०६ चा सार्वजनिक सौना अजून चालू आहे, देशातला सर्वांत जुना. राष्ट्राध्यक्ष उऱ्हो केक्कोनेन यांनी १९६० मध्ये आपल्या साठाव्या वाढदिवसाला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना सौनात नेलं आणि दोघे पहाटेपर्यंत बसले, ही गोष्ट एकीने मला अभिमानाने सांगितली. मला मात्र त्या खोलीतलं वेगळंच काही जाणवलं. तिथे हुद्दा अंगावर कुठे चढवणार? आणि शांत बसणं तिथे आपोआप जमतं. दिवसभर मला छळणारी ती शांतता त्या बाकावर मुळीच जड वाटली नाही.

नंतर धक्क्यावर बसून, कुणी सॉसेज भाजत असताना, प्रमुख बाई आपणहून बोलल्या. आईबद्दल, जंगलात बेरी वेचायला जाण्याबद्दल. तिथे रानातली बेरी कुणीही वेचू शकतं, जमीन कुणाचीही असो, फक्त घराच्या अंगणाजवळ जायचं नाही. मग म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू? पुरवठादार 'नो प्रॉब्लेम' म्हणाला की मला झोप लागत नाही. प्रॉब्लेम असतोच. तो काय आहे हे त्याला माहीत नाही, की मला सांगायचं नाही, हे मला कळत नाही." त्या रागावलेल्या नव्हत्या. सूर्य अजून वरच होता. मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही.

सकाळच्या बैठकीत मी पहिल्यांदाच कागद न दाखवता बोलले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो, जुलैत सर्वांत जास्त. कोअर ओलावा धरतात. तुमच्या बॉडीतला कोअर लांब आणि बारीक आहे, म्हणून धोका अधिक. कोअर भट्टीत पुन्हा वाळवून लगेच साच्यात बसवले तर जमेल, पण त्याच्या चाचण्यांना वेळ लागेल. बत्तिसावा आठवडा मी विचार न करता सांगितला होता. चौतिसावा नक्की. बोलून झाल्यावर थांबले. शांतता पडली. मी ती पडू दिली. घड्याळाचा काटा चांगलाच पुढे गेला. मग वयस्क इंजिनियरांनी श्वास आत ओढून "यो" केलं आणि कोअर किती तापमानाला, किती वेळ वाळवणार, असं विचारलं. दुसऱ्याने वहीतला ३२ खोडून ३४ लिहिला. कुणी कपाळाला आठी घातली नाही. उलट त्यांनीच सुचवलं, की जाड भागाची जाडी डिझाइनमध्ये थोडी कमी करता येते का ते ते बघतील. मी तोंड उघडलं नसतं तर हे त्यांच्याकडून कधीच निघालं नसतं.

निरोप दोन मिनिटांत झाला. हात मिळवले, धन्यवाद, इतकंच. आपल्याकडे दारात अर्धा तास चालतं. प्रमुख बाई म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात आमच्या तलावाकाठच्या घरी या." मी सवयीने "नक्की नक्की" म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी फोनमधलं कॅलेंडर उघडलं. म्हणून म्हटलं, "कंपनी पाठवेल का ते ठाऊक नाही, यायची इच्छा खूप आहे." त्यांनी कॅलेंडर मिटलं आणि मोकळं हसल्या.

नमुने चौतिसाव्या आठवड्याच्या मंगळवारी तिथे पोचले. आता ती मंडळी नोव्हेंबरमध्ये फौंड्री बघायला येणार आहेत. मालक आल्यागेल्याला म्हणतात तसं "या एकदा घरी जेवायला" म्हणाले. ते मी तसंच कळवलं नाही. वार लिहिला, दुपारी एक ही वेळ लिहिली, पत्ता लिहिला, हॉटेलपासून गाडीला किती वेळ लागतो ते लिहिलं, रस्त्यात उसाच्या गाड्या लागल्या तर अर्धा तास जादा धरा असंही लिहिलं. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा, तांबडा तिखट, पांढरा त्या मानाने सौम्य, न खाणाऱ्यांसाठी वेगळं. दोन ओळींचं उत्तर आलं: पाच जण येतील, त्यांतली एक शाकाहारी. आणि तुमच्याकडे घरात शिरताना बूट दाराशी काढतात का, आमच्याकडे काढतात.

मी लगेच कळवलं, काढतात.